ओळख हीसुद्धा पुंजी आहे

आज आपण पैशाविषयी बोलणार आहोत. पण सुरुवात पैशापासून करायची नाही. सुरुवात करू आठवडी बाजारापासून.

आपल्या भंडारा जिल्ह्यात सात तालुके आहेत : भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी. तालुक्याचे गाव असो, की दहा-वीस खेड्यांना सोयीचे असे लहान गाव असो, बाजाराचा वार ठरलेला असतो. त्या दिवशी आजूबाजूची खेडी तिथे लोटतात. पूर्वी बैलबंड्या येत, आता मोटारसायकली आणि टेम्पो येतात. कोणी मिरची घेऊन बसतो, कोणी लाखोळीची डाळ. ढिवर बाया मासे आणि झिंगे घेऊन बसतात. बुरूड सुपे-टोपल्या मांडतो.

आता एक गोष्ट पाहा. बाजारात आलेला माणूस दोन तास राहतो. त्याची खरेदी तर अर्ध्या तासात होते. मग उरलेला दीड तास तो काय करतो? तो बोलतो.

"तुमसरले धानाचा काय भाव हाये गा?"

"रोवण्याले बाया भेटल्या काय?"

"पोराले काम पायजे होतं, कोठी हाये काय?"

वरवर पाहणारा म्हणेल, या रिकाम्या चकाट्या आहेत. आम्हाला तसे वाटत नाही. हा बाजारातला दुसरा बाजार आहे. पहिल्या बाजारात माल विकला जातो. दुसऱ्या बाजारात बातमी, ओळख आणि भरवसा यांची देवघेव होते. दुसरा बाजार चांगला चालला, तर पहिलाही वाढतो. दुसरा बंद पडला, की गावात दुकाने असूनही गाव पुढे सरकत नाही. एवढीच गोष्ट आज आम्हाला सांगायची आहे. ती नीट समजून घेऊ.

जवळची ओळख

पाऊस पडला. पऱ्हे तयार झाले. आता रोवणा थोड्या दिवसांत उरकला पाहिजे. सगळ्यांच्याच बांध्यांत पाणी साचले आहे, सगळ्यांनाच माणसे हवी आहेत. अशा वेळी आपले वाडवडील काय करीत? आज आम्ही तुमच्या बांधीत येतो, परवा तुम्ही आमच्या बांधीत या. मजुरीचा पैसा नाही, कागद नाही. तरी काम होत असे. कशाच्या बळावर? भरवशाच्या बळावर. आज मी गेलो तर परवा तो नक्की येईल, हा तो भरवसा. आजही कित्येक गावांत ही रीत थोडीफार टिकून आहे.

तसेच दुकानातली उधारी. तसेच रात्री-बेरात्री कोणी आजारी पडले तर भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोहोचवणारा शेजारी. पैसा कमी असलेली माणसे अशाच ओळखीवर जगतात. पैसा हाती नसतो, पण माणसे हाती असतात. म्हणून आम्ही म्हणतो, ओळख हीसुद्धा पुंजी आहे.

या पुंजीची एक रीत मात्र वेगळी आहे. शंभर रुपये खर्च केले की शंभर रुपये कमी होतात. ओळखीचे तसे नाही. सचोटीने वापरली तर ती वाढते. वापरली नाही तर गंजते. आणि एकदा खोटेपणा केला तर सगळीच्या सगळी बुडते.

घर, आळी, भाऊबंद, सोयरे, रोजचे शेजारी यांची ओळख ती जवळची ओळख. ती आपल्याला पडू देत नाही. पण पुढे जायला ती एकटी पुरते काय? आम्हाला वाटत होते की पुरते. आम्ही चुकलो. ती चूक तुम्हाला सांगतो.

आमची एक चूक

काही वर्षांमागे आम्ही एका गावात शिवणकामाचा वर्ग काढला. एकाच आळीतल्या दहा बाया आल्या. एकमेकींची चांगली ओळख होती, त्यामुळे वर्ग उत्तम चालला. कोणी आजारी पडली तर दुसरी तिचे मूल सांभाळी. सगळ्या जणी ब्लाऊज आणि परकर छान शिवू लागल्या. आम्ही खूश झालो.

पुढे काय झाले? दहाही बायांची गिऱ्हाइके तीच. आळीतल्या त्याच पन्नास-साठ बाया. एकीने पाच रुपये भाव कमी केला की दुसरीने सात कमी केला. वर्षभरात सात मशिनी कोपऱ्यात गेल्या. हात शिकले होते, मन लावून काम केले होते, आपसात प्रेमही होते. तरी धंदा झाला नाही.

आम्ही बसून विचार केला. तेव्हा कळले, की दहा बाया होत्या, पण ओळखी दहापट नव्हत्या. जी माणसे एकीला माहीत, तीच दुसरीला माहीत. जी बातमी एकीला, तीच दुसरीला. आळीच्या बाहेर रस्ता गेलाच नव्हता.

चौपन्न माणसांची गोष्ट

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. दूर अमेरिकेतही ती तशीच आढळली. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाचे एक विद्वान आहेत. बोस्टन शहराजवळ न्यूटन नावाचे उपनगर आहे. तिथल्या नुकती नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी विचारले, तुम्हाला ही नोकरी कशी मिळाली? ज्यांना कोणाच्या ओळखीने मिळाली, त्यांना त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. त्या वेळी तो ओळखीचा माणूस तुम्हाला किती वेळा भेटत होता?

असे सांगणारे ५४ जण होते. तो माणूस आपल्याला नेहमी भेटे, असे फक्त ९ जणांनी सांगितले. अधूनमधून भेटे, असे ३० जणांनी सांगितले. क्वचितच भेटे, म्हणजे वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी, असे १५ जणांनी सांगितले. हा लेख १९७३ साली छापला गेला आणि जगभर गाजला.

आता हिशेब करा. ३० आणि १५ मिळून ४५ होतात. म्हणजे ५४ पैकी ४५ जणांना नोकरी मिळाली ती सख्ख्या मित्राकडून नव्हे, तर दूरच्या ओळखीच्या माणसाकडून.

असे का व्हावे? जवळच्या माणसाचे आपल्यावर प्रेम जास्त असते हे खरे. पण जे आपल्याला ठाऊक असते तेच त्यालाही ठाऊक असते. आपण एकाच विहिरीचे पाणी पितो. दूरच्या ओळखीचा माणूस दुसऱ्या विहिरीवरचा. तो आपल्याला माहीत नसलेली बातमी आणतो.

म्हणजे ओळखी दोन प्रकारच्या. जवळची ओळख सावरते. दूरची ओळख वाट दाखवते. माणसाला दोन्ही लागतात आणि गावालाही दोन्ही लागतात.

मंडई कशासाठी?

दूरची ओळख वाढवण्याची सोय आपल्या वाडवडिलांनी आधीच करून ठेवली आहे. ती म्हणजे मंडई.

आपल्या झाडीपट्टीत भाऊबीज झाली की मंडया सुरू होतात. आज या गावाची, उद्या त्या गावाची. सगळ्या गावांची मंडई एकाच दिवशी नसते. का बरे? कारण या गावच्या लोकांना त्या गावी जाता यावे. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात. दिवसा दुकाने, पाळणे, खाऊ. रात्री दंडार, खडी गंमत, नाटक. नाटकाच्या निमित्ताने मंडपवाला, दिवेवाला, वाजंत्री, चहावाला, सगळ्यांना काम मिळते. वडशाच्या नाटक मंडळ्या तर या चार महिन्यांत गावोगाव फिरतात आणि पुष्कळ कलावंतांचे पोट त्यावर चालते.

त्याच गर्दीत सोयरिकी जुळतात. बैलजोडीची चौकशी होते. कोणाकडे कोणते बियाणे चांगले उतरले ते कळते. १९९९ साली गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला. कचेऱ्या वेगळ्या झाल्या, पण मंडई आणि सोयरिकी काही वेगळ्या झाल्या नाहीत.

आमच्या शिवणवर्गातल्या एका बाईला हे आमच्या आधी कळले. ती मंडईला माहेरी गेली. जाताना शिवलेली चार झबली आणि दोन पिशव्या सोबत नेल्या. तिथे तिची एका दूरच्या नात्यातल्या बाईशी गाठ पडली. त्या बाईचे गाव साकोलीकडचे, हमरस्त्यावरचे. तिला दुकानात ठेवायला पिशव्या हव्या होत्या. पहिल्यांदा वीस पिशव्यांचे काम आले, मग शंभरांचे. एकीला झेपेना, म्हणून तिने आळीतल्या चौघींना हाताशी घेतले. कोपऱ्यातल्या मशिनी पुन्हा सुरू झाल्या.

बघा हं, काम आणले दूरच्या ओळखीने आणि पार पाडले जवळच्या ओळखीने. दोन हातांनी टाळी वाजली.

कोशाची साखळी

आता धंद्यातली एक मोठी साखळी पाहू. आपल्या भागाचा कोसा, म्हणजे टसर रेशीम, पुष्कळांना माहीत आहे.

जंगलात ऐनाची आणि अर्जुनाची झाडे असतात. त्या झाडांच्या पानांवर कोशाचे किडे वाढवतात. ढिवर समाजातली कित्येक कुटुंबे हे काम करीत आली आहेत. पाखरे आणि मुंग्या किडे खातात, म्हणून दिवसभर राखण करावी लागते. कोश तयार झाले की ते उकळून सूत काढतात. पूर्वी बाया मांडीवर वळून सूत काढीत. त्या कामाने मांडीची कातडी सोलवटून निघे. मग ते सूत मोहाडी, आंधळगाव अशा गावांतल्या कोष्ट्यांच्या मागावर जाते. तिथे कापड होते. करवतीच्या दातांसारखे काठ असलेली करवतकाठी साडी आपल्या विदर्भाची म्हणून ओळखली जाते. ती नागपूरच्या आणि त्याहून मोठ्या शहरांच्या दुकानांत जाते.

आता विचार करा. जंगलात राखण करणारा ढिवर साडी नेसणाऱ्या बाईला ओळखतो काय? नाही. तो कोश विकत घेणाऱ्याला ओळखतो. विणकर कोणाला ओळखतो? सूत देणाऱ्याला आणि कापड नेणाऱ्याला. पुष्कळदा ती दोन्ही कामे करणारा एकच व्यापारी असतो. प्रत्येकाला साखळीतली आपल्या शेजारची एकच कडी दिसते. आणि ज्याला दोन्ही बाजूंच्या कड्या दिसतात, तो जास्त कमावतो.

व्यापाऱ्याला शिव्या देऊन काही होत नाही. तो भांडवल घालतो, माल पोहोचवतो, नुकसानही सोसतो. पण त्याची खरी पुंजी पैशाइतकीच ओळखीत आहे. जी दोन माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, ती दोघेही त्याला ओळखतात. तेवढ्यावर त्याचा नफा उभा राहतो.

यातून आपण काय घ्यायचे? आपल्या धंद्यात आपल्या शेजारच्या कडीच्या पलीकडे आणखी एक कडी ओळखायची. धान पिकवणाऱ्याने गिरणीवाला ओळखावा आणि तांदूळ शेवटी कोण खातो तेही जाणून घ्यावे. विणकराने दुकानदार ओळखावा. दूध घालणाऱ्याने डेअरीचे माप आणि स्निग्धांशाचा भाव ओळखावा. एक कडी पुढे पाहिले, तर भाव ठरवताना आपल्यालाही दोन शब्द बोलता येतात.

एकट्याला तलाव मिळत नाही

एक कडी पुढे ओळख झाली, तरी एकटा माणूस दुबळाच असतो. तिथे संघटना लागते. आपला जिल्हा तलावांचा जिल्हा. यांतले पुष्कळ तलाव कोहळी लोकांनी गोंड राजांच्या काळापासून बांधले. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात होते. त्या वेळी भंडारा जिल्हा मध्यप्रदेशात होता. १९५० साली तिथे मालगुजारी रद्द करण्याचा कायदा झाला आणि १९५१ साली तो अंमलात आला. तलाव सरकारकडे गेले. म्हणून कागदोपत्री त्यांचे नाव 'माजी मालगुजारी तलाव' असे पडले. त्याचेच बोलण्यात 'मामा तलाव' झाले. पुढे १९५६ साली आपला जिल्हा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात.

तलावात मासे धरायचे तर तो ठेक्याने घ्यावा लागतो. एकट्या ढिवराला ठेक्याची रक्कम कोठून आणता येणार? म्हणून मच्छीमारांच्या सहकारी संस्था झाल्या. पन्नास जणांनी थोडे थोडे घातले की तलाव मिळतो. जे एकट्याला मिळत नाही, ते संस्थेला मिळते. गाव करी ते राव न करी.

आणि जवळची ओळख व दूरची ओळख एकत्र आल्यावर काय होते, तेही तलावाने दाखवले आहे. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुका आहे. तिथल्या काही तलावांत बेशरमचे रान माजले होते. देशी मासे कमी झाले होते. ढिवर लोकांना पिढ्यान्‌पिढ्यांचे ठाऊक होते, की कोणता मासा कोणत्या पाणवनस्पतीत राहतो आणि काय खातो. पण ते बाहेर कोणी विचारीत नव्हते. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या कार्यकर्त्यांनी ते विचारले आणि लिहून ठेवले. मग गावच्या लोकांनी, त्यातही बायांनी पुढे होऊन, बेशरम उपटली आणि उपयोगी पाणवनस्पती लावल्या. देशी मासे पुन्हा वाढू लागले. ज्ञान गावचे होते, हात गावचे होते. वाट शोधायला बाहेरच्या ओळखीची मदत झाली.

बंद दारे

आतापर्यंत ओळखीचे गुण सांगितले. आता दोष सांगितले पाहिजेत, नाहीतर भाषण एकतर्फी होईल.

जवळची ओळख फार घट्ट झाली की तिची भिंत होते. आत असलेल्याला ऊब, बाहेर असलेल्याला बंद दार. योजना आली, बातमी एकाच आळीत फिरली. प्रशिक्षणाला दहा जागा आल्या, एकाच घराण्यातली दहा नावे गेली. दलित वस्तीत, गोंडांच्या टोल्यावर, एकट्या राहणाऱ्या बाईच्या घरी बातमी पोहोचली ती तारीख उलटून गेल्यावर.

यात अन्याय आहे, हे तर खरेच. पण यात गावाचा तोटाही आहे, तो लक्षात घ्या. त्या बंद दाराबाहेर एखादा हुशार मुलगा उभा असतो. तो मोटार दुरुस्त करू शकला असता, गावात दुकान काढू शकला असता. दार उघडले नाही, म्हणून तो नागपूरला किंवा हैदराबादला मजुरीला गेला. गावाने आपला एक कारागीर गमावला. ज्या गावात ओळख जातीच्या कुंपणापाशी थांबते, तिथे बातमीही थांबते आणि पैसाही थांबतो.

बाहेर गेलेल्या त्या मुलालाही विसरू नका. तो गावाचा दूरचा ओळखीचा माणूस झाला आहे. सणाला येईल तेव्हा त्याला विचारा, तिकडे कोणते काम चालते? कोणता माल खपतो? तो वाट दाखवू शकतो.

ओळख आणि हिशेब

आता सर्वांत नाजूक गोष्ट. सांगताना आम्हाला लाज वाटते, तरी सांगतो.

एकदा आमच्यातल्या काही जणांनी एका ठिकाणी पैसे गुंतवले. पाच वर्षांत दामदुप्पट, असे बोलणे होते. पैसे गोळा करायला येणारा आमच्या चांगल्या ओळखीचा. घरी चहा पिणारा, मुलांना खाऊ आणणारा. त्याने पावती दिली. आम्ही ती घडी करून पेटीत ठेवली. वाचली नाही. तुम्ही म्हणाल, तुम्हाला तर वाचता येत होते. हो, येत होते. तरी वाचली नाही. मनात म्हटले, "ओळखीचा आहे, वाचून काय करायचे?"

पैसे बुडाले. पावती पुढे वाचली, तेव्हा दिसले की तोंडी सांगितलेले त्यात काहीच लिहिलेले नव्हते. आणि त्या ओळखीच्या माणसाचे काय? तोही फसला होता. त्याने स्वतःच्या बहिणीचे पैसेसुद्धा त्यातच घातले होते. ठगाने पैसे नेलेच, पण जाताना आमची ओळखही नेली. आज तो माणूस आम्हाला पाहिले की रस्ता बदलतो. पैशापेक्षा त्याचे दुःख आम्हाला जास्त आहे.

म्हणून सांगतो, ओळख असेल तिथे हिशेब जास्त चोख पाहिजे. हिशेब मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. हिशेब हे ओळखीचे कुंपण आहे. ते असले तर पीक वाचते.

इंग्लंडात रॉचडेल नावाचे गाव आहे. १८४४ साली तिथे २८ कामगारांनी मिळून एक दुकान काढले. त्यांत विणकर होते, आपल्या मोहाडीच्या कोष्ट्यांसारखे. पीठ, लोणी, साखर, ओटाचे भरड पीठ आणि मेणबत्त्या, एवढाच माल. पण त्यांनी नियम लिहून काढले. माप खरे. प्रत्येक सभासदाला एक मत, मग भाग कितीही असोत. हिशेब सर्वांपुढे. जगातल्या सहकारी चळवळीला त्या दुकानाने वाट दाखवली. ते एकमेकांचे ओळखीचे होते, तरी त्यांनी लिहून ठेवले.

आपले महिला बचतगट याच वाटेने चालतात. १९९२ साली नाबार्डने बचतगट बँकेला जोडण्याचा प्रयोग सुरू केला. दहा ते वीस बाया एकत्र येतात. त्यांच्यापाशी गहाण टाकायला शेत नसते. तरी बँक कर्ज देते. कोणत्या तारणावर? त्यांच्या ओळखीच्या तारणावर. एक हप्ता चुकवील तर बाकीच्या विचारतील, हे बँकेला ठाऊक असते.

गटाची पाच सूत्रे तुम्ही ऐकली असतील : नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशेबाची वही. पहिली चार सगळ्या पाळतात. पाचवे मात्र पुष्कळदा एकीवर सोडतात. "तिला लिहिता येते, तीच लिहील." इथेच भेग पडते. लिहिणारी प्रामाणिक असली तरी चूक होते. मग कुजबुज होते, मग संशय, आणि मग गट मोडतो. पैशाच्या कमतरतेने मोडलेले गट आम्ही थोडे पाहिले. न वाचलेल्या वहीने मोडलेले जास्त पाहिले.

म्हणून तुम्ही जे वाचायला शिकलात, त्याची किंमत मोठी आहे. तुम्ही आता वही वाचू शकता, पासबुक वाचू शकता. बैठकीत वही मोठ्याने वाचायला लावा. आज एकीने वाचावी, पुढच्या वेळी दुसरीने. लिहिणारीचाही त्यात फायदा आहे. तिच्यावर आळ येत नाही.

मोबाईलवरची ओळख

आता घरोघरी मोबाईल आला आहे. मोबाईलवर गट असतात : नात्यांचा गट, वर्गाचा गट, शेतकऱ्यांचा गट. तुमसरचा भाव तिथे लगेच कळतो. पवनीहून भंडाऱ्याला न जाता चौकशी होते. ही दूरच्या ओळखीची मोठीच सोय झाली.

पण बाजारात बोलणाऱ्याचे तोंड दिसते. मोबाईलवर ते दिसत नाही. एकाने खोटी बातमी टाकली की शंभर जण पुढे ढकलतात. कोणी बँकेचे नाव सांगून फोनवर आलेला आकडा विचारतो, आणि खात्यातले पैसे जातात. तेव्हा नियम एकच. बातमी मोबाईलवर घ्या, पण खात्री माणसाकडून करा. आणि तो गुप्त आकडा कोणालाही सांगू नका, तो कितीही ओळखीचा म्हणवला तरी.

घरी जाताना

बंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या लहान गावांकडे मोठे कारखाने येवोत न येवोत, ओळखीची पुंजी आपल्याजवळ आहे. ती वाढवणे आपल्या हाती आहे. त्यासाठी पुढच्या बाजारापर्यंत एवढे करून पाहा.

बाजारात रोजच्या माणसांशी बोलाच, पण एका नव्या माणसाशी पण बोला. दुसऱ्या आळीचा, दुसऱ्या जातीचा, दुसऱ्या गावचा. त्याचे काम विचारा, आपले सांगा.

एखादी योजना, एखादी कामाची जागा, एखादी चांगली बातमी कळली, तर ज्या घरी ती सहसा पोहोचत नाही अशा एका घरी स्वतः जाऊन सांगा.

आणि आज रात्री घरातली एखादी पावती, पासबुक किंवा गटाची वही काढा. दिव्याखाली बसा. बोट ठेवून एकेक ओळ वाचा. अडले तर उद्या वर्गात घेऊन या. आपण सगळे मिळून वाचू. आमचीही ती जुनी पावती आम्ही सोबत आणू.